साखळी घडवणारे धातू

दोन कार्बन अणूंमध्ये दुहेरी बंध असलेल्या हायड्रोकार्बनांना ओलेफिन म्हणतात. एथिलीन आणि प्रोपिलीन ही त्यांतली सर्वांत साधी. हा दुहेरी बंध उघडून हजारो रेणू एकापुढे एक जोडले की पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रोपिलीन तयार होते. जगात तयार होणाऱ्या एकूण प्लास्टिकमध्ये या दोघांचा वाटा निम्म्याच्या जवळ जातो. ही जोडणी कोणत्या धातूच्या मदतीने आणि कशी होते, यावर वस्तूचे गुण ठरतात. तिची विल्हेवाट किती अवघड जाईल हेही बऱ्याच अंशी तिथेच ठरते.

या उद्योगाचा मुंबईतला पाया माहुलमध्ये घातला गेला. स्टॅनव्हॅकची रिफायनरी 1954 मध्ये आणि बर्मा-शेलची 1955 मध्ये येथे सुरू झाली. आज त्या अनुक्रमे हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियमच्या आहेत. खनिज तेलातून निघणारा नॅफ्था उच्च तापमानाला फोडला की एथिलीन मिळते. रिफायनरीतल्या उत्प्रेरकी भंजनातून प्रोपिलीनही निघते आणि त्यातला बराचसा भाग स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मिसळला जातो. एरवी ज्याची खुर्ची किंवा दोरखंड झाला असता, तो रेणू शेगडीत जळतो.

एथिलीनपासून पॉलिएथिलीन करण्याच्या दोन्ही पद्धती मुंबई परिसराने पाहिल्या. चेंबूरला युनियन कार्बाइडच्या कारखान्यात उच्च दाबाची पद्धत होती. तिचे मूळ इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीने 1933 मध्ये लावलेल्या शोधात आहे. तीत धातूचा उत्प्रेरक नसतो. हजार वातावरणांहून अधिक दाबाखाली मुक्त मूलकांच्या साहाय्याने साखळी वाढते, पण वाढताना तिला वेड्यावाकड्या फांद्या फुटतात. अशा साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसत नाहीत. म्हणून माल मऊ, लवचीक आणि कमी घनतेचा निघतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यात 1968 च्या सुमारास नोसिलचा नॅफ्था भंजन प्रकल्प उभा राहिला आणि त्याच्या एथिलीनवर पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीजने जर्मनीच्या होक्स्ट कंपनीच्या तंत्राने उच्च घनतेचे पॉलिएथिलीन काढले. तिथे दाब अगदी कमी आणि काम टायटॅनियमचे. वायू तोच, एकाच्या पातळ पिशव्या झाल्या, दुसऱ्याच्या बादल्या, क्रेट आणि पाइप.

टायटॅनियमपर्यंतची वाट मात्र निकेलने दाखवली. जर्मनीतील म्युलहाइम येथे कार्ल झीगलर अॅल्युमिनियमच्या सेंद्रिय संयुगांवर एथिलीनची साखळी वाढवत होते. एका प्रयोगात साखळी वाढलीच नाही; दोन रेणू जुळून ब्युटीन तयार झाले आणि प्रक्रिया थांबली. कारण शोधता शोधता प्रयोगपात्रात राहिलेला निकेलचा अंश सापडला. निकेल साखळी तोडत असेल तर दुसरा एखादा धातू ती वाढवेलही, या तर्काने एकेक धातू तपासला गेला. झिर्कोनियमने आशा दाखवली आणि 1953 मध्ये टायटॅनियमने साध्या वातावरणीय दाबाला पॉलिएथिलीन दिले. अमेरिकेत फिलिप्स कंपनीचे होगन आणि बँक्स 1951 मध्येच क्रोमियमच्या वाटेने जवळपास तिथे पोचले होते.

टायटॅनियमच्या अणूभोवती एक जागा रिकामी असते आणि तिच्या शेजारच्या जागेवर वाढती साखळी बांधलेली असते. एथिलीनचा रेणू रिकाम्या जागेवर येऊन धातूला चिकटतो. मग साखळी सरकून त्याला जोडली जाते आणि तिची मूळची जागा मोकळी होते. पुढचा रेणू तिथे येतो. प्रत्येक नवा रेणू धातू आणि साखळी यांच्यामध्ये शिरत असल्याने वाढ टोकाकडून न होता मुळाकडून होते, जसा केस वाढतो. ही मांडणी 1960 च्या दशकात कॉसी यांनी केली.

प्रोपिलीनच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक होता, कारण त्याच्या प्रत्येक रेणूला एक मिथिल गट असतो. हे गट अस्ताव्यस्त बसले तर चिकट, निरुपयोगी पदार्थ होतो. सगळे एकाच बाजूला बसले तर सुमारे 165 अंश सेल्सियसला वितळणारे मजबूत पॉलिप्रोपिलीन मिळते. इटलीत ज्युलिओ नाट्टा यांनी 1954 मध्ये ही शिस्त साधली. 1963 चे रसायनशास्त्राचे नोबेल झीगलर आणि नाट्टा यांना विभागून मिळाले. पुढे मॅग्नेशियम क्लोराइडवर टायटॅनियम बसवल्यावर उत्प्रेरकाची क्षमता इतकी वाढली की मालातला त्याचा अंश धुऊन काढण्याची गरजच उरली नाही. 1980 च्या सुमारास सिन आणि कामिन्स्की यांनी मेटॅलोसीनला, म्हणजे सेंद्रिय वलयांमध्ये धातू बसवलेल्या संयुगाला, मिथिल अॅल्युमिनॉक्झेन या अॅल्युमिनियमच्या संयुगाची जोड दिली आणि सगळी सक्रिय केंद्रे एकसारखी असलेले उत्प्रेरक हाती आले.

या इतिहासातला सर्वांत बोलका टप्पा 1995 चा. साखळी तोडणारा म्हणून बाजूला टाकलेला निकेल अमेरिकेत ब्रुकहार्ट यांनी अवजड लिगंडांच्या, म्हणजे धातूला बांधलेल्या रेणूंच्या, मधोमध बसवला. त्या लिगंडांनी साखळी तुटण्याची वाट अडवली आणि तोच निकेल लांब साखळ्या देऊ लागला. धातूचा गुण त्याच्या सोबत्यांवर ठरतो, हे यातून उघड झाले. निकेल आणि पॅलेडियमला ऑक्सिजनयुक्त गटांचे टायटॅनियमइतके वावडे नाही. त्यामुळे साखळीत असे गट गुंफण्याची शक्यता निर्माण झाली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत स्वामिनाथन शिवराम यांनी मेटॅलोसीनवर आणि नंतर समीर चिक्कली यांच्या गटाने पॅलेडियमच्या फॉस्फिन-सल्फोनेट संयुगांवर केलेले काम या परंपरेतले आहे.

आता प्रश्न हेतूचा. सत्तर वर्षे संशोधकांनी उत्प्रेरकाकडे मागितले ते ताकद, स्वस्ताई आणि टिकाऊपणा, आणि ते सगळे मिळाले. निव्वळ कार्बन-कार्बन बंधांच्या साखळीला पाणी किंवा जिवाणू कुठे धरणार? पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रोपिलीन पाण्याहून हलकी असतात. म्हणून भरतीबरोबर तरंगत येऊन खाडीकाठच्या तिवरांच्या मुळांत ती अडकून राहतात. महाराष्ट्र सरकारने मार्च 2018 मध्ये एकदा वापरून फेकायच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. ती गरजेचीच होती. पण तीवर विसंबून उत्तर पुरे होत नाही, कारण पाण्याचा पाइप आणि सिरिंज टिकाऊच हवी. दोष पदार्थाच्या टिकाऊपणात नाही. पाच मिनिटांच्या वापरासाठी शतकभर टिकणारी साखळी वापरण्यात आहे.

यावरचा उपायही धातूच्याच हातात आहे. जर्मनीतील कॉन्स्टान्झ येथे मेकिंग यांच्या गटाने 2021 मध्ये निकेलच्या साहाय्याने एथिलीनच्या साखळीत मोजकेच किटोन गट गुंफले. पॉलिएथिलीनची ताकद राहिली आणि उन्हात साखळी तुटण्याची सोयही झाली. असे संशोधन भारतात व्हायचे तर त्याला प्रयोगशाळेपलीकडे प्रायोगिक संयंत्राची जोड लागते. देशातले बहुतेक मोठे पॉलिओलेफिन प्रकल्प आजही परदेशी परवान्यावर चालतात आणि परवाना देणारा आपल्या गरजेचे प्रश्न सोडवत बसत नाही. मालाच्या किमतीत उत्प्रेरकाचा वाटा नगण्य असतो, पण माल कसा असेल हे तोच ठरवतो. तेल शुद्ध करणाऱ्या सार्वजनिक कंपन्यांनी आणि पुण्यासारख्या प्रयोगशाळांनी उत्प्रेरकाचे काम एकत्र हाती घेतले, तरच प्लास्टिकचे आयुष्य किती असावे याचा निर्णय येथे घेता येईल.