फुकटचा खेळ

परवा दिवाळीच्या सुट्टीत नातू नगरला आला आणि फराळाचे ताट पुढे असतानाच हळूच म्हणाला, "आजोबा, शंभर रुपये द्या ना. मोबाइलवरच्या खेळासाठी हवेत."

"अरे, तो खेळ फुकट आहे ना?"

"खेळ फुकटच आहे हो! माझ्या गड्याला नवा पोशाख घ्यायचाय."

मला हसू आले. खेळ फुकट आणि पोशाखाला पैसे! पण रात्री अंथरुणावर पडल्यावर पाथर्डीकडच्या आमच्या जत्रेतला कुस्त्यांचा हगामा डोळ्यांपुढे उभा राहिला. तोही फुकटच. कोणीही मातीत उतरावे, कोणीही पाहावे. एखादी सधन असामी जिंकलेल्या मल्लाला फेटा बांधी, वर इनाम देई. त्या पैशावर हगामा चाले आणि देणाऱ्याची मिरवण्याची हौसही भागे. कोणाच्या पोटात दुखत नसे. मात्र त्याच पैशाने त्याने पंचाला खिशात घातले असते, तर सारा गाव उठला असता!

मला वाटते, न्याय इथेच आहे. पैशाने फेटा मिळावा, डाव मिळू नये. नातवाच्या 'बीजीएमआय'मध्ये एका वेळी शंभर गडी उतरतात म्हणे. फुकट खेळणारे नसतील, तर पैसेवाल्याने पोशाख मिरवायचा कोणापुढे? तेव्हा फुकट्याही कोणाच्या उपकारावर खेळत नाही. गर्दी होऊन तो आपले देणे फेडतच असतो.

पण पुष्कळदा पोशाख सरळ भावाने मिळत नाही. बंद पेटी घ्यायची; आत निघेल ते नशीब! ही तर जत्रेतल्या चक्रीवाल्याची विद्या. बेल्जियमच्या जुगार-आयोगाने २०१८ साली अशा काही पेट्यांना जुगारच ठरवले. आपल्याकडे २०२१ साली हा खेळ आला, तेव्हा कंपनीने अठरा वर्षांखालच्या मुलांच्या खर्चाला मर्यादा घातली: दिवसाला ७,००० रुपये! शेतमजुराच्या घरात तेवढ्यावर कित्येक दिवस चूल पेटते. ही मर्यादा मुलाला आवरण्यासाठी, की त्याच्या बापाचा खिसा मोजण्यासाठी?

सकाळी नातवाला विचारले, "पोशाख, की पेटी?"

"पेटी," तो पुटपुटला.

"फेट्याला पैसे देईन, चक्रीला नाही."

तो हिरमुसला. मग माझ्या सदऱ्याच्या खिशाकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि ते दिवाळी बंपरचे तिकीट?"

तिकिटावर किंमत आणि बक्षिसे छापलेली असतात, हे उत्तर ओठांवर आले होते. पण मी चकलीचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि गप्प बसलो.