आजीची गोधडी : स्मृती की मूर्ती?

सुरत जिल्ह्यातील कामरेज तापीकाठी आहे. हीच तापी खानदेशातून वाहत येते, आणि खानदेशातूनच पुष्कळ मराठी कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरतेच्या कापडधंद्यात आली. यंत्रमागांच्या या मुलखातही जुन्या सुती लुगड्यांचे थर घालून, धावदोऱ्याने हाती शिवलेली गोधडी एखाद्या घरी जपून ठेवलेली असते. आजी प्रभूमध्ये निद्रिस्त झाली, तरी तिचे टाके राहिले.

अशा वस्तूविषयी ख्रिस्ती मनुष्याला एक अडचण वाटते. आपल्या वाडवडिलांनी पितरांची पूजा सोडली. मग आपण आजीची गोधडी इतक्या भक्तिभावाने जपावी काय?

पवित्र शास्त्रात दोन्ही बाजूंचे दाखले आहेत. यार्देन उतरून आल्यावर यहोशवाने गिलगाल येथे बारा धोंडे उभे केले, ते पुढे मुलांनी अर्थ विचारावा म्हणून. उलट, मोशेने केलेला पितळी सर्प हिज्कीया राजाने फोडून टाकला, कारण लोक त्यापुढे धूप जाळू लागले होते (२ राजे १८:४). तो सर्प देवाच्याच आज्ञेने झालेला होता, तरी फोडावा लागला. तेव्हा दोष वस्तूत नाही, आपण तिला कोणती जागा देतो यात आहे.

यापो येथे टबीथा मरण पावली, तेव्हा विधवा रडत रडत पेत्राला तिने केलेली वस्त्रे दाखवीत होत्या (प्रे. कृत्ये ९:३९). त्या वस्त्रांवरून तिची दया सर्वांना आठवली. आजीनेही गोधडी कोणाला तरी ऊब मिळावी म्हणूनच शिवली. शेजारी थंडीत कुडकुडत असता ती पेटीत घडी घालून ठेवणे, हा तिचा मान नव्हे.

ऑगस्ट २००६ मध्ये तापीला महापूर आला व सुरतेचा मोठा भाग पाण्याखाली गेला. अशा पाण्यात गोधडी गेली तर आजीचा मान जातो काय? तिची माया व तिची प्रार्थना नातवंडांच्या वागण्यात उतरली असेल, तर जात नाही. उतरली नसेल, तर गोधडी कोरडी राहूनही तो गेलेलाच आहे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांस आमची विनंती आहे की, मुलांना घरातील एखादी हाताने केलेली वस्तू आणावयास सांगावे, आणि ती कोणी, कोणासाठी केली हे घरी विचारून यावयास लावावे. आणि ज्या घरी अशा एखाद्या वस्तूवरून भावंडांचे बोलणे बंद झाले असेल, त्यांनी आधी समेट करावा. ती कोणाकडे राहील हे मागाहून ठरवावे.