आधी माणूस सांगावा

भिवंडीत यंत्रमागांच्या खडखडाटातच सकाळची शाळा भरते. पंधरा ऑगस्टला हीच मुलं कागदी झेंडे घेऊन शहिदांचा जयजयकार करतात. पण हे शहीद म्हणजे कोण? मुलांना आधी माणूस सांगावा.

उदाहरणार्थ, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे मराठा लाइट इन्फंट्रीत नाईक होते. 10 जुलै 1944 रोजी इटलीत जर्मन मशीनगनच्या माऱ्यात त्यांचे साथीदार पडले. घाडगे एकटे धावून गेले, त्यांनी ती मशीनगन बंद पाडली आणि तिथेच गोळी लागून कोसळले. वय अवघं 22. पुढे मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

एवढं ऐकलं की मूल विचारतं, त्यांच्या घरी कोण होतं? हा प्रश्न टाळू नये.

2023 साली इटलीतल्या माँतोने गावात त्यांचं स्मारक झालं. ते आहे सूर्यघड्याळ. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाची लॅटिन ओळ त्यावर आहे. समोरचा जर्मन सैनिकही कुणाचा तरी मुलगा होता, हेही मुलांना कळू द्यावं. तिथेही आधी माणूस सांगावा.

माणगावात घाडग्यांचा पुतळा आहे. कोकणात जाताना, श्रोतेहो, तिथे जरा थांबा आणि मुलांना त्यांची गोष्ट सांगा.