फलत्याग आणि वैद्य

कर्मफलाची आसक्ती सोडावी, असे गीता सांगते. मग रुग्ण जगावा ही इच्छाही वैद्याने सोडावी काय?

कोकणातील महाड तालुक्यात, बिरवाडीच्या सरकारी आरोग्यकेंद्रात, डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने तेथे मुले दगावत आणि खात्रीचा उपाय ज्ञात नव्हता. अशा वेळी ‘त्याचे दैव’ म्हणून हात झटकणे सोपे होते. डॉक्टरांनी मात्र रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, श्वास, रक्तदाब यांची बारकाईने नोंद ठेविली. विषाने हृदय दुबळे होते व फुप्फुसांत पाणी भरते, हे त्यांनी ओळखले. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ने त्यांची निरीक्षणे छापली. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध त्यांनी योजिले आणि शेकडा सुमारे ३० असलेले मृत्यूचे प्रमाण १ वर आले.

आसक्ती स्वतःसाठी असते. यश मिळावे, अपयशाचा ठपका येऊ नये, एवढेच ती पाहते. रुग्ण जगावा ही तळमळ दुसऱ्यासाठी असते. ती करुणा होय. सोडावयाची ती आसक्ती, करुणा नव्हे. एक बालक हातचे गेले तरी दुसऱ्याच्या उशाशी तितक्याच सावधपणे बसणे, हाच फलत्याग. औदासीन्याला ते पवित्र नाव आपण देऊ नये.