हरवलेल्या फाइली आणि अप्रमाद



आपल्या घरातील पत्र्याच्या पेटीची जागा आता तळहाताएवढ्या काळ्या डबीने घेतली आहे. आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा, मुलीच्या गुणपत्रिका, दीक्षा समारंभाचे फोटो, थोरल्याच्या मंगलपरिणयाची चित्रफीत, सर्व काही त्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कमध्ये. एके दिवशी ती संगणकाला जोडावी आणि पडद्यावर अक्षरे उमटावीत की, ही डिस्क फॉर्मॅट केल्यावाचून वापरता येणार नाही! सारे घर जागच्या जागी थिजते. मग कुणी म्हणते नशीबच फुटके, कुणी म्हणते अमावास्येला जोडायला नको होती. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे उद्गार शोभतात काय? कारणावाचून कार्य घडत नाही, ही तथागतांची शिकवण केवळ जन्ममरणापुरती नाही. ती त्या काळ्या डबीलाही लागू आहे. डिस्क बिघडली तर तिला कारण आहे, आणि कारण समजले तर पुष्कळदा उपायही आहे.

आपण विचाराल, धम्माच्या व्यासपीठावरून यंत्राची चर्चा कशाला? त्याचे उत्तर आपल्या इतिहासात आहे. मातबरांच्या घरचा कागद गेला तर सनदेत, बखरीत, तीर्थक्षेत्रीच्या पंड्याच्या वहीत त्यांची दुसरी नोंद सापडते. आपल्या वाडवडिलांची नोंद कुणी ठेवली? शाळेच्या रजिस्टरात एक ओळ, कोतवाल बुकात एक ओळ, एवढीच काय ती आपली वंशावळ! १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचाही त्यात समावेश झाला. परंतु जात पडताळणी समितीपुढे आजही १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, आणि मुलाच्या प्रवेशाची मुदत कुणासाठी थांबत नाही. डिस्कमधील प्रत गेली म्हणून मूळ दाखला जात नाही, शाळेतून नवा उतारा मिळतो, हे खरे. पण ज्या आजीने १९५६ सालच्या नागपूरच्या आठवणी मोबाइलवर सांगितल्या आणि जी आज हयात नाही, तिच्या आवाजाची नक्कल कोणत्या कचेरीतून मिळणार?

आता कारण पाहू. ग्रंथालयाचा दाखला घ्या. पुस्तक कपाटात असते आणि त्याची नोंद सूचीत असते. आपण फाइल डिलीट करतो तेव्हा बहुधा सूचीतील नोंद तेवढी खोडली जाते. पुस्तक कपाटातच राहते. मात्र ती जागा रिकामी समजली जाते आणि नवे पुस्तक आले की ते तेथेच ठेवले जाते. तसे झाले की जुने कायमचे गेले. घाईने फॉर्मॅट केल्यावरही बहुतेक वेळा असेच घडते. म्हणून पहिला नियम हा की, हात थांबवावा. त्या डिस्कवर एकही नवी फाइल ठेवू नये, फॉर्मॅटच्या प्रश्नाला होकार देऊ नये, आणि फाइली शोधून देणारा प्रोग्रामही त्याच डिस्कवर उतरवू नये. घाबरलेला माणूस तीच तीच बटणे दाबत राहतो. हीदेखील तृष्णाच! हवे ते आत्ताच्या आत्ता हवे, म्हणून जे उरले आहे तेही आपण आपल्या हाताने पुसतो.

दुसरा नियम असा की, मूळ डिस्कवर प्रयोग करू नयेत. जाणकार मनुष्य प्रथम तिची जशीच्या तशी संपूर्ण नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवितो आणि त्या नकलेवर काम करतो. टेस्टडिस्क आणि फोटोरेक नावाचे दोन प्रोग्राम यासाठी विनामूल्य मिळतात. पहिला बिघडलेली सूची सुधारू पाहतो. दुसरा सूचीकडे न पाहता कपाटातील एकेक पान चाळून फोटो, कागदपत्रे ओळखून काढतो. जे सापडेल ते तिसऱ्या ठिकाणी ठेवावे.

सर्वच डिस्क सारख्या नसतात. ज्यांच्यात फिरत्या तबकड्या नाहीत अशा एसएसडीमध्ये डिलीट झालेली जागा पुष्कळदा आपोआप पुसली जाते. तेथे आशा कमी. तबकडीच्या डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला साधारण ५४०० फेरे घेते आणि वाचणारी सुई केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावरून तरंगत असते. चालू असताना तिला धक्का लागला की सुई तबकडीवर आदळते. डिस्कमधून टक टक असा आवाज येऊ लागला तर तत्काळ वायर काढावी. तेथे कोणताही प्रोग्राम उपयोगी पडत नाही. तांदळाच्या डब्यात ठेवणे, फ्रीजमध्ये ठेवणे, मुलाने स्क्रूड्रायव्हरने उघडून पाहणे हे सगळे अंगारा लावण्याच्याच जातीचे उपाय. धूळविरहित खोली असलेल्या प्रयोगशाळेतच ती उघडावी लागते, आणि त्याला हजारो रुपये लागतात. आधी किंमत लेखी मागावी, मगच डिस्क हाती द्यावी.

(जाता जाता एक गोष्ट. आयबीएम कंपनीने हार्ड डिस्क असलेले पहिले यंत्र जगापुढे आणले ते सप्टेंबर १९५६ मध्ये. २४ इंची ५० तबकड्या, एक टनाहून अधिक वजन, आणि सामावत होती ५० लाख अक्षरे! आज मोबाइलच्या एका फोटोलाही तेवढी जागा लागते. पुढच्याच महिन्यात नागपुरात आपला समाज नव्या जगात पाऊल टाकीत होता.)

आपल्या वस्त्यांत मात्र सर्वाधिक त्रास होतो तो झेरॉक्सच्या दुकानातील संगणकाचा. तेथे पेनड्राइव्ह किंवा डिस्क लावली की व्हायरस शिरतो, फोल्डर नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी शॉर्टकट दिसू लागतात. अशा वेळी फाइली बहुधा गेलेल्या नसतात, लपविलेल्या असतात. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नये. व्हायरस नसलेल्या संगणकावर, लपलेल्या आणि सिस्टीमच्या संरक्षित फाइली दाखविण्याचा पर्याय चालू केला की त्या पुन्हा दिसतात. कितीतरी घरांनी एवढे ठाऊक नसल्याने भरलेली डिस्क फॉर्मॅट करून टाकली असेल!

आमच्या भागातील एका कुटुंबाची डिस्क अशीच गेली. बारावीच्या मुलीने धीर धरला, कुणालाही हात लावू दिला नाही, आणि ओळखीच्या एका तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्याकडून फोटोरेकने शोध घेतला. हजारो फोटो परत आले. परंतु सूचीच नष्ट झाल्याने एकाही फोटोला नाव नव्हते, केवळ आकडे. लग्न कोणते, पुण्यानुमोदन कोणते, सगळे एकत्र! मग रोज संध्याकाळी तिचे वडील आणि आत्या शेजारी बसत आणि एकेक चेहरा ओळखून सांगत. मुलगी नावे टंकित करी. दोन महिने हे काम चालले. दूरदर्शनची मालिका पाहण्यापेक्षा ते कितीतरी चांगले होते, असे आत्याबाईच म्हणतात. आजीच्या आवाजाची फाइल मात्र अर्धीच निघाली.

नावगाव नसलेले कागद लावण्याचे हे काम आपल्याला नवे नाही. परमपूज्य बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांचे अप्रकाशित लेखन वर्षानुवर्षे पेट्यांत बंद राहिले. १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली त्याचे खंड काढावयास सुरुवात केली, तेव्हा सुटी पाने जुळवूनच कित्येक प्रकरणे उभी करावी लागली.

आणि धम्म तरी कसा वाचला? तथागतांची वचने शतकानुशतके भिक्षूंच्या मुखी होती. दीघनिकाय पाठ करणारे वेगळे, मज्झिमनिकाय पाठ करणारे वेगळे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सिंहलद्वीपात ती ग्रंथरूपात लिहिली गेली. भारतात विहार ओस पडले, ग्रंथ नाहीसे झाले. पण सिंहलद्वीप, ब्रह्मदेश, तिबेट, चीन येथे प्रती होत्या. राहुल सांकृत्यायन १९२९ ते १९३८ या काळात चार वेळा तिबेटात गेले ते याचसाठी. येथे मूळ हरवलेल्या संस्कृत बौद्ध ग्रंथांच्या पोथ्या त्यांना तेथील मठांत सापडल्या. प्रत दूरच्या ठिकाणी होती म्हणूनच ते शक्य झाले.

संगणकाचे जाणकारही आज तेच सांगतात. प्रती तीन असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर. एक डिस्क आपल्याकडे, दुसरी सासरी गेलेल्या मुलीकडे, तिसरी प्रत इंटरनेटवरील साठ्यात. गुणपत्रिका व दाखले २०१५ साली सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्येही ठेवता येतात. वायर काढण्यापूर्वी संगणकाला तशी सूचना द्यावी. लिहिणे अर्धे असताना ओढून काढलेली डिस्कच बहुधा बिघडते. वर्षातून दोनदा प्रती उघडून पाहाव्यात, कारण न उघडलेली प्रत शाबूत आहे की नाही हे कुणालाच कळत नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि १४ एप्रिल, या दोन तारखा आपल्या घरी कुणी विसरत नाही.

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर विहारात डिस्क घेऊन यावे. तंत्रनिकेतनाचा तो विद्यार्थी त्या दिवशी दोन तास बसणार आहे. कोरी डिस्क ज्याने त्याने आपली आणावी, आणि फोटोतील माणसे ओळखू शकतील अशा घरातील वडीलधाऱ्यांनाही सोबत आणावे.

जयभीम! नमो बुद्धाय!