पुन्हा येईल की

एका ठरावीक जागेवरून खग्रास सूर्यग्रहण किती वर्षांनी दिसते, या प्रश्नाला खगोलशास्त्राचे उत्तर ठरलेले आहे : सरासरी ३७५ वर्षांतून एकदा. बेल्जियमचे गणिती झाँ मेऊस यांनी काढलेला हा आकडा आहे. आकड्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तो वाचल्यापासून एक गोष्ट मनातून जात नाही. ३७५ वर्षे म्हणजे माणसाची पाच आयुष्ये. मग ही सरासरी नेमकी कोणाच्या अनुभवाची? पणजोबाच्या पणजोबाने पाहिले आणि पणतूच्या पणतूने पाहिले, तर मधल्या सगळ्यांना ती काय सांगते? आणि त्यातूनच दुसरा प्रश्न निघतो, तो खगोलशास्त्राचा नाही. जी गोष्ट एखाद्याच्या आयुष्यात एकदाच येणार आहे, ती त्याच्या भल्यासाठी म्हणून त्याच्यापासून काढून घेण्याचा अधिकार आपल्याला आहे का?

आधी आकड्याकडे पाहू. निसर्गाच्या बाजूने पाहिले तर सूर्यग्रहण मुळीच दुर्मीळ नाही. वर्षाला किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच सूर्यग्रहणे होतात, आणि पृथ्वीवर कुठे ना कुठे साधारण दीड वर्षात एकदा खग्रास होतेच. सूर्यग्रहण अमावास्येलाच लागते, पण दर अमावास्येला लागत नाही, कारण चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. लक्ष्मीपूजन दरवर्षी अमावास्येचे, तरी दिवाळीत ग्रहण क्वचित. १९९५ साली २४ ऑक्टोबरला सकाळी आणि २०२२ साली २५ ऑक्टोबरला सूर्यास्ताला, अशी दोन ऐन दिवाळीत आलेली ग्रहणे माझ्या पिढीला आठवत असतील. त्यातही चंद्राच्या गडद छायेचा पट्टा जेमतेम शे-दोनशे किलोमीटर रुंद. तो पृथ्वीवरून वेगाने सरकत जातो आणि त्यातला बराचसा समुद्रावर पडतो. म्हणजे दुर्मीळपणा ग्रहणात नाही, तो आपल्या एका जागी राहण्यात आहे. सावली दर दीड वर्षाने येते. आपल्या गच्चीवर मात्र ३७५ वर्षांनी.

आणि ही सरासरीही समन्यायी नाही. अमेरिकेतल्या कार्बनडेल या छोट्या गावाने २१ ऑगस्ट २०१७ रोजी खग्रास पाहिले आणि ८ एप्रिल २०२४ रोजी पुन्हा पाहिले. सात वर्षांच्या आत दोनदा. लंडनने १७१५ मध्ये पाहिले, ते आता २१५१ मध्ये पाहील. न्यूयॉर्कमध्ये २४ जानेवारी १९२५ रोजी छायेची कड शहराच्या मधूनच गेली. मॅनहॅटनमध्ये शहाण्णवाव्या रस्त्याच्या आसपास ती सीमा पडली. उत्तरेला उभ्या असलेल्यांना सूर्याभोवतीचा प्रभामंडल दिसला, दक्षिणेला उभ्या असलेल्यांना सूर्याची बारीक कड तेवढी उरलेली दिसली. कोणी कोणत्या रस्त्यावर घर घेतले होते एवढाच फरक. इथे पात्रतेचा काही संबंध नाही. सरासरी ही सगळ्यांची मिळून असते, वाटणीला काय आले ते ज्याचे त्याचे वेगळे असते.

माझ्या शहराच्या, मुंबईच्या, वाटणीला माझ्या हयातीत खग्रास आले नाही आणि येणारही नाही. खंडग्रास मात्र पुष्कळ आली : १९८०, १९९५, १९९९, २००९, २०१०, २०१९, २०२०, २०२२. ही यादीही पुरी नाही. २००९ च्या २२ जुलैला खग्रासाचा पट्टा सुरतेवरून गेला आणि मुंबईचा थोडा भाग झाकायचा राहिला, पण आषाढाच्या ढगांनी तेही दिसू दिले नाही. पुढचे २ ऑगस्ट २०२७ चे. खंडग्रास एका जागी सरासरी दोन-तीन वर्षांत एकदा दिसते. म्हणून मुंबईत ग्रहणाच्या दिवशी कोणी मुलांना घरात कोंडले आणि म्हटले, ‘राहू दे, पुन्हा येईल की’, तर ते चूक असले तरी खोटे नाही. पुन्हा येतेच.

१६ फेब्रुवारी १९८० ला मी नऊ वर्षांचा होतो. वानखेडेवर इंग्लंडविरुद्धची सुवर्णमहोत्सवी कसोटी आदल्याच दिवशी सुरू झाली होती, आणि ग्रहणासाठी म्हणून दुसऱ्याच दिवशी विश्रांतीचा दिवस ठेवला होता. खेळाडूंनाही ग्रहण पाळावे लागले याचे आम्हा मुलांना भारी कौतुक. रस्ते ओस पडले होते. लोकांनी घरात बसावे म्हणून दूरदर्शनने दुपारी चित्रपट लावला होता, आणि आमची सगळी चाळ ज्यांच्याकडे टीव्ही होता त्या एका खोलीत दाटीवाटीने बसली होती. संध्याकाळी आंघोळी झाल्या, खाली ‘दे दान, सुटे गिराण’ अशी आरोळी आली, वडिलांनी मूठभर तांदूळ दिले. संपले ग्रहण. आम्ही काय गमावले? फारसे काही नाही. मुंबईत ते खंडग्रासच होते.

पण माझी आई त्या दिवशी मुंबईत नव्हती. धाकट्या बहिणीच्या वेळी बाळंतपणाला ती माहेरी, अंकोल्याला गेली होती. त्या वर्षीचा खग्रासाचा पट्टा उत्तर कर्नाटकाच्या किनाऱ्यावर अंकोल्यापाशी जमिनीवर आला, आणि तिथून आंध्र ओलांडून ओडिशात पुरी-कोणार्कपर्यंत गेला. दूरदूरचे शास्त्रज्ञ दुर्बिणी घेऊन या पट्ट्यात येऊन बसले होते. आई मात्र काही न करता, निव्वळ बाळंतपणाच्या रिवाजामुळे, बरोबर त्या पट्ट्यात जाऊन पोचली होती. आणि तिला आजीने माजघरामागच्या खोलीत दार लावून निजवले. गरोदर बाईने काही चिरायचे नाही, विळीला हात लावायचा नाही, हातपाय मुडपायचे नाहीत, पाणीसुद्धा प्यायचे नाही. बाहेर दोन-अडीच मिनिटे दिवसाची रात्र झाली. आई आत होती.

तिने मला हे पुष्कळ वर्षांनी सांगितले, तेही तक्रार म्हणून नव्हे. खोलीला खिडकी नव्हती, पण कौलांमध्ये फटी होत्या आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर दुपारचे कवडसे पडले होते. एरवी गोल दिसणारे कवडसे त्या दिवशी एका बाजूने खाल्ल्यासारखे झाले. मग चंद्रकोरीसारखे. कोरी बारीक बारीक होत गेल्या आणि दिसेनाशा झाल्या. बाहेर कावळे ओरडले आणि गप्प झाले. थोड्या वेळाने कोरी परत आल्या, पण उलट्या, दुसऱ्या बाजूला तोंड करून. तिला वाटले, आपल्याला भूल पडली. ते दुसरे-तिसरे काही नव्हते, सूर्याचीच चित्रे होती. बारीक छिद्रातून आलेला प्रकाश सूर्याचा आकार घेऊन पडतो, हे शाळेच्या पुस्तकात असते. ज्या खोलीत ग्रहण शिरू नये म्हणून दार लावले होते, त्या खोलीत ते कौलांतून शिरले होते आणि तिच्या उशाशी पडले होते. तिने ते पाहिलेही. पण आपण काय पाहतो आहोत हे सांगणारे तिथे कोणी नव्हते.

आजीने तेव्हा तिची समजूत काढली होती, ‘पुन्हा येईल की.’

माझा प्रश्न या वाक्याशी येऊन थांबतो. आजीचा हेतू वाईट नव्हता. तिने स्वतःही पाहिले नाही. लेकीच्या पोटातल्या जिवाला काही होऊ नये म्हणून तिने जे केले, ते तिच्या माहितीप्रमाणे प्रेमच होते. शिवाय भीती सगळीच पोकळ नव्हती. अर्धवट झाकलेल्या सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिले तर दृष्टिपटल भाजते, हे खरेच आहे. तेव्हा ‘पाहू नकोस’ म्हणणाऱ्याला मूर्ख ठरवणे सोपे असले तरी बरोबर नाही. पण जपणे दोन प्रकारचे असते. एक जपणे माणसाच्या हातात काळा चष्मा देते आणि अंगणात उभे करते. दुसरे दार लावून घेते. धोका दोघांनाही कळलेला असतो, पण पहिल्याला त्या धोक्यापलीकडचे काही मोलाचे आहे हेही कळलेले असते.

आजीच्या वाक्यातला दोष प्रेमात नव्हता, हिशोबात होता. मुंबईत ते वाक्य खरे होते, अंकोल्यात खोटे. तेच दार, तोच रिवाज, तेच शब्द, पण एका ठिकाणी नकार अडीच वर्षांचा होता आणि दुसऱ्या ठिकाणी जन्माचा. मला वाटते, इथे एक नैतिक नियम सापडतो आणि तो ग्रहणापुरता नाही. दुसऱ्याला ‘आत्ता नको, पुढे पाहू’ असे सांगण्याआधी ती गोष्ट किती वेळा येते हे माहीत करून घेणे, हे सांगणाऱ्याचे कर्तव्य आहे. मुलीला ‘यंदा शाळा राहू दे’ म्हणणारा बाप एका वर्षाबद्दल बोलतो आहे असे त्याला वाटते. प्रत्यक्षात शाळा सुटलेली मुलगी बहुधा परत जात नाही. वडील गेल्याचे लेकीला उशिरा कळवणारे म्हणतात, प्रवासात त्रास नको, दिवसांना येईलच की. पण शेवटचे तोंड पाहणे ही दिवसांना करायची गोष्ट नाही. आपण नकार एकाच मापाने देत असतो, पण घेणाऱ्याच्या आयुष्यात त्याचे वजन वेगवेगळे पडते. वारंवारता ठाऊक नसलेली माया अशी न कळत निर्दय होते.

यावर कोणी म्हणेल, एवढे काय त्यात? सूर्य झाकला, उघडला. न पाहता लाखो माणसे सुखाने जगली आणि मेली. हा आक्षेप मला हलका वाटत नाही. दुर्मीळ म्हणून मोलाचे, हा काही तर्क नव्हे, कारण वाईट गोष्टीही दुर्मीळ असतात. ग्रहणाचे मोल दुसऱ्या कारणाने आहे. सूर्याचा प्रभामंडल कायम तिथेच असतो, पण नुसत्या डोळ्यांना दिसतो तो त्या दोन-चार मिनिटांतच. म्हणजे ग्रहण काही झाकत नाही तेवढेच उघडते. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन यांनी सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्या रेषा इतक्या तेजस्वी होत्या की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात असे त्यांच्या लक्षात आले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या पाहिल्याही. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लॉकियर यांनी ग्रहणावाचून स्वतंत्रपणे तेच साधले. सूर्याच्या प्रकाशातल्या एका पिवळ्या रेषेवरून नव्या मूलद्रव्याचा, हेलियमचा, सुगावा लागला. पृथ्वीवर ते सापडायला १८९५ साल उजाडले. पाहिल्याशिवाय दुर्मीळ गोष्ट सुलभ करण्याची युक्तीही सुचत नाही.

हेच लॉकियर २२ जानेवारी १८९८ च्या खग्रासासाठी आपल्या विजयदुर्गावर आले होते, आणि पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी जेऊरला आपला तळ दिला होता. मुंबई-पुण्यात तेव्हा प्लेग होता, रँडच्या खुनाला सातच महिने झाले होते. अशा दिवसांतही माणसे दुर्बिणी उचलून कोकणात आणि सोलापूरकडे गेली, कारण ती सावली त्यांच्यासाठी पुन्हा येणार नव्हती हे त्यांना गणिताने माहीत होते.

आणि गणित आपल्याकडे परके नव्हते. ग्रहण म्हणजे सावलीचा खेळ हे आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस सांगून ठेवले आहे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ लिहिले, आणि पुढे शतकानुशतके पंचांगकर्ते त्यावरून ग्रहणाचा स्पर्श, मध्य आणि मोक्ष काढत राहिले. आजीच्या घरातल्या पंचांगाच्या ज्या पानावर ग्रहणाची वेळ छापलेली होती, त्याच पानावर वेध पाळण्याचे नियमही होते. वेळ माणसांच्या मेहनतीने आलेली, नियम भीतीने आलेले. आजीला दोन्ही एकाच हातून मिळाले, म्हणून तिला दोन्ही सारखेच खरे वाटले. यात तिच्यापेक्षा पान छापणाऱ्याचा दोष मोठा आहे. ज्यांना ग्रहण कधी लागेल हे कळत होते, त्यांना ते त्याच जागी पुन्हा कधी लागेल हेही कळवता आले असते. ‘हे खग्रास या गावी पुन्हा कित्येक पिढ्यांत नाही’ एवढी एक ओळ त्या पानावर असती, तर आजीने दार लावले असते का? कदाचित लावलेही असते. पण मग ‘पुन्हा येईल की’ असे ती म्हणाली नसती.

पाहण्याची सक्ती असावी असे मला वाटत नाही. ज्याला दार लावून बसायचे त्याने खुशाल बसावे. त्याने स्वतःच्या आयुष्यातला क्षण सोडला, तो त्याचा होता. फक्त तो काय सोडतो आहे हे त्याला माहीत असावे, आणि दार त्याने स्वतः लावलेले असावे.

सुरुवातीचा प्रश्न उरतो : ३७५ वर्षांची सरासरी कोणाच्या अनुभवाची? एकट्याच्या तर नक्कीच नाही. ज्यांनी एकेका ग्रहणाची नोंद ठेवली, स्वतःला दिसणार नाहीत अशा ग्रहणांची गणिते करून ठेवली, त्या सगळ्यांची मिळून ती मिळकत आहे. ती आपल्याला फुकट मिळाली आहे, पण तिच्याबरोबर आलेली जबाबदारी फुकट नाही. २० मार्च २०३४ ला खग्रासाची सावली आपल्या देशाच्या उत्तर टोकाला, काश्मीर-लडाखच्या बाजूने जाईल. २ ऑगस्ट २०२७ ला, सोमवारी दुपारनंतर, मुंबईत सूर्याचा थोडा भाग झाकला जाईल, ढगांनी परवानगी दिली तर. त्या दिवशी एखादी शाळा मुलांना लवकर घरी पाठवेल आणि एखादी बाई त्यांना मैदानात नेऊन पुठ्ठ्याला भोक पाडून जमिनीवर पडलेली कोर दाखवील. ती कोर माझ्या आईने कोणी न सांगता पाहिली होती. मुलांना ती नाव घेऊन दाखवणे, आणि असे पुन्हा कधी दिसेल ते खरे सांगणे, एवढे तर आपल्याला करता येण्यासारखे आहे.