देह बदलल्यावर प्रेम कोणावर?

प्रेम देहावर असते की देहात राहणाऱ्या व्यक्तीवर, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न. अमेरिकन विज्ञानकथा मालिकांनी तो समलिंगी प्रेमाच्या निमित्ताने विचारला, पण आडवळणाने. १९९०च्या आसपास तिथल्या दूरचित्रवाणीवर असे प्रेम सरळ दाखवणे अवघड होते. ‘स्टार ट्रेक’मधले ट्रिल हे परग्रहवासी त्यासाठी सोयीचे ठरले. काही ट्रिलांच्या पोटात एक दीर्घायुषी सहजीवी जीव राहतो. यजमान देह मेला की त्या जीवाला दुसऱ्या देहात ठेवतात आणि आधीच्या साऱ्या आयुष्यांच्या आठवणी त्याच्यासोबत जातात.

‘द होस्ट’ (१९९१) या भागात डॉक्टर बेव्हर्ली क्रशर ओडान या ट्रिल राजदूताच्या प्रेमात पडते. त्याचा पुरुषदेह मरतो, जीव काही काळ तिचा सहकारी रायकर याच्या देहात ठेवला जातो आणि बऱ्याच घालमेलीनंतर ती त्याही रूपाचा स्वीकार करते. पुढचा यजमान मात्र स्त्री निघते, आणि क्रशर माघार घेते. इतक्या बदलांशी जुळवून घेणे माणसाला झेपत नाही, असे कारण ती देते. पण एक बदल तिला झेपला होता. अडचण बदलांच्या संख्येची की देहाच्या लिंगाची, हे पटकथेने सोयीस्करपणे धूसर ठेवले आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९४ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत व्यक्तीची ओळख जाणिवेच्या सातत्यावर, म्हणजे मुख्यतः स्मृतीवर, बसवली. त्या कसोटीने ओडान तिन्ही देहांत एकच ठरतो, तरीही प्रेम टिकत नाही. ओळख टिकणे आणि प्रेम टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे त्यातून निश्चित दिसते.

‘डीप स्पेस नाइन’ मालिकेतल्या ‘रिजॉइन्ड’ (१९९५) या भागात हाच धागा उलटा विणला आहे. जॅडझिया डॅक्स आणि लेनारा कान या दोघी पूर्वीच्या देहांत पती-पत्नी होत्या. आता त्यांचे प्रेम पुन्हा जागे होते. ट्रिल समाजात गेल्या आयुष्यातले नाते पुन्हा जोडण्यास मनाई आहे आणि शिक्षा हद्दपारीची. दोघी स्त्रिया आहेत याला मात्र कोणीच हरकत घेत नाही. निषिद्ध प्रेमाचे हे रूपक धारदार आहे. तरी त्यात एक मेख आहे: या प्रेमाला आधार मिळतो तो जुन्या स्त्री-पुरुष विवाहाचा.

देह बदलतो, आत्मा तोच राहतो, ही कल्पना भारतीय वाचकाला परकी नाही. श्वेताश्वतर उपनिषद जीवाला स्त्री, पुरुष वा नपुंसक मानत नाही. बृहदारण्यकात पती किंवा पत्नी प्रिय असते ती आत्म्यासाठी, असे याज्ञवल्क्य मैत्रेयीला समजावतो. यावरून समलिंगी प्रेमाचे समर्थन करता येईल, पण ते लंगडे राहील. ज्या पुरुषाला पुरुषांविषयीच ओढ वाटते, त्याच्यासाठी देह गौण नाही. देह गौणच असेल तर त्याला स्त्रीवर प्रेम करायला सांगण्यातही काही चूक राहत नाही. युक्तिवाद तोच, निष्कर्ष उलटा.

‘द आउटकास्ट’ (१९९२) या भागात हे नकळत उघड होते. तिथल्या जनाई समाजात लिंगभेदच मानला जात नाही आणि स्वतःला स्त्री समजणाऱ्या आणि रायकरवर प्रेम करणाऱ्या सोरेनवर ‘उपचार’ करून तिची ती जाणीव पुसली जाते. म्हणजे लिंगाबद्दलची उदासीनता इथे दडपशाहीचे हत्यार झाली आहे. सोरेनची भूमिका अभिनेत्रीला दिल्याने पडद्यावर शेवटी स्त्री-पुरुषच दिसले. रायकर साकारणाऱ्या जोनाथन फ्रेक्स यांना त्या जागी पुरुष नट हवा होता.

‘डिस्कव्हरी’ (२०१७) मालिकेत पॉल स्टॅमेट्स आणि ह्यू कल्बर हे जोडपे कोणत्याही रूपकाविना येते. मारला गेलेला कल्बर दुसऱ्या पर्वात नव्याने घडलेल्या देहात परततो. आठवणी शाबूत असतात, पण त्या आपल्या वाटत नाहीत, आणि तो स्टॅमेट्सपासून दूर होतो. देहाचा प्रश्न अखेर इथे नीट विचारला जातो, कारण दोघेही पुरुष असण्याचा त्या दुराव्याशी काही संबंध नसतो. लॉकची स्मृती कल्बरला पुरत नाही. नव्या शरीरात रुळल्यावर, पर्वाच्या अखेरीस, तो स्टॅमेट्सकडे परत येतो.